घोड्यावर बसून कोण बोलतंय? मेटलमधलं युद्ध आणि त्याचे गीतकार

हेवी मेटलवरच्या एपिसोडनंतर लेस्टरहून एका काकांनी व्हॉइस नोट पाठवली. ते आमचे जुने श्रोते, पेशवाईवरच्या प्रत्येक भागात किमान एक चूक काढून देणारे. या वेळी चूक नव्हती, वैताग होता. या आरडाओरडीत शब्द ऐकतो कोण, आणि इतिहासाच्या लोकांनी त्यावर तासभर खर्च करावा असं त्यात आहे तरी काय? प्रश्न रास्त आहे. एपिसोडमध्ये आम्ही गिटारच्या आवाजावर आणि कारखान्यांवर इतकं बोललो की गीतकारांचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत कसाबसा उरकला. म्हणून हा लेख. काका, तुम्ही वाचाल अशी आशा आहे.

सुरुवात मुंबईपासून करते. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. आयर्न मेडनचा जगभराचा दौरा त्या रात्री मुंबईतून सुरू झाला. मी कॉलेजात होते, मामेभावाबरोबर ठाण्याहून लोकलने गेले होते, आणि घरी 'मैत्रिणीकडे अभ्यासाला' असं सांगितलं होतं. दिवे गेले आणि स्पीकरमधून विन्स्टन चर्चिलचा आवाज आला. जून १९४०, डंकर्कनंतरचं ते भाषण. पाठोपाठ ब्रिटिश वैमानिकाच्या तोंडी असलेलं 'एसेस हाय'. हजारो पोरं चर्चिलला ओरडून साथ देत होती, आणि त्यात मीही होते. बंगालच्या दुष्काळाबद्दल मी तोवर वाचलेलं होतं, अगदी तावातावाने निबंधही लिहिला होता. तरी त्या रात्री काही म्हणजे काही खटकलं नाही.

हे का खटकलं नाही, याचं उत्तर मला बरंच पुढे सापडलं, आणि ते गीतकाराच्या शैलीत आहे. कुठलाही जुना कागद हातात आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो: हे कोण बोलतंय, आणि कुठे उभं राहून? तोच प्रश्न मेटलच्या गाण्यांना विचारला की गीतकार एकमेकांपासून स्वच्छ वेगळे दिसायला लागतात. त्यासाठी सगळ्यांचा एक समान विषय घ्यायला हवा. तो शोधावा लागत नाही, कारण मेटलइतकं युद्धावर लिहिणारं दुसरं लोकप्रिय संगीत क्वचितच असेल.

पहिला माणूस गीझर बटलर. ब्लॅक सबाथचा बेस गिटारवाला. ऑझी ऑस्बर्न गायचा म्हणून शब्दही त्याचेच असावेत असा समज आहे, पण सुरुवातीच्या अल्बममधले बहुतेक शब्द बटलरचे. टोनी आयोमी गिटारवर धून काढायचा, ऑझी त्यावर चाल गुणगुणायचा, आणि शब्द शेवटी बटलरच्या गळ्यात पडायचे. हे सगळे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले. बटलर आयरिश कॅथलिक घरातला, १९४९ चा जन्म, काही काळ हिशेबनीसाची उमेदवारी केलेला. मी सध्या ॲस्टनपासून बसने वीस मिनिटांवर राहते. शहराच्या मध्यापासून ॲस्टनकडे जाताना जो भाग लागतो त्याला आजही 'गन क्वार्टर' म्हणतात. क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ मध्ये, इथल्या बंदूककारांनी सैन्याला पुरवठा करायला संघ बांधला. त्यातूनच पुढे बीएसए झाली. मोटरसायकलींमुळे ते नाव आपल्याकडे माहीत आहे, पण त्यातल्या एस-ए चा अर्थ 'स्मॉल आर्म्स'. काडतुसांवरून १८५७ पेटलं ती एनफिल्ड रायफलही बर्मिंगहॅममध्ये बनत होती. थोडक्यात, युद्ध इथे बातमीत यायच्या आधी पगारात यायचं.

१९७० च्या 'वॉर पिग्ज' मध्ये हे गाव आहे असं मला वाटतं, जरी गाण्यात त्याचं नाव नाही. गाण्याचं पहिलं नाव 'वाल्पुर्गिस' होतं, म्हणजे चेटकिणींच्या मेळाव्याची रात्र. ते कंपनीला फार सैतानी वाटलं. बदलून 'वॉर पिग्ज' झालं, आणि अल्बमचंही नाव तेच ठेवायचं ठरलं. मग तेही नको म्हणून 'पॅरानॉइड' आलं. मुखपृष्ठावर मात्र तलवार परजणारा माणूस तसाच राहिला, आणि त्याचा 'पॅरानॉइड'शी काय संबंध या कोड्यावर मेटलवाल्यांच्या पिढ्या पोसल्या आहेत. बटलरने मुलाखतींत सांगितलंय की त्याच्या लेखी खरा सैतान युद्ध हाच होता.

या गाण्यात 'मी' कुठेच नाही. 'ते' आहेत: सेनापती, पुढारी. ते लपून बसतात, मरायला गरीब जातात. बोलणारा बाहेर उभा राहून बोट दाखवतो, आणि शेवटी निवाडा देवाकडे सोपवतो. कयामतीच्या दिवशी सेनापती गुडघ्यांवर येतात. सैतानाचे पुजारी म्हणून बदनाम झालेल्या बँडचं सर्वात गाजलेलं युद्धविरोधी गाणं चर्चमधल्या प्रवचनाच्या घाटाचं आहे. बटलरला कॅथलिक बालपण सोडवलं नाही, आणि ते चांगलंच झालं.

इंग्रजी समीक्षक या गाण्याची एक गोष्ट पन्नास वर्षं चघळतायत. सुरुवातीच्या दोन ओळींत बटलरने 'मासेस' या शब्दाचं यमक 'मासेस'शीच जुळवलं! एकदा अर्थ जथे, दुसऱ्यांदा सैतानाची पूजा. आळशीपणाचा नमुना म्हणून हे सांगतात. शाळेत अलंकार पाठ केलेल्या मराठी माणसाला यात आळस दिसणार नाही. तीच अक्षरं, वेगळा अर्थ: आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात यमकाची व्याख्याच ही. मोरोपंतांनी तर यावर आयुष्य काढलं. आणि इथे ते कामाचं आहे. सेनापतींची बैठक आणि चेटकिणींची पूजा यांच्यातलं साम्य बटलर पटवून देत बसत नाही, एका शब्दाच्या दोन अर्थांत दोघांना एकत्र बसवून मोकळा होतो. हिशेबनीसाची काटकसर म्हणा हवं तर.

पण बाहेर उभं राहण्याची किंमत असते. 'वॉर पिग्ज' मधल्या प्रेतांना चेहरे नाहीत. त्याच अल्बममधलं 'हँड ऑफ डूम', व्हिएतनामहून हेरॉइनचं व्यसन घेऊन आलेल्या सैनिकांवरचं, एका माणसाच्या जवळ जातं. पण तिथेही बटलर त्याला 'तू' म्हणून फटकारतो. तो बोलत नाही, त्याला बोललं जातं.

आता स्टीव्ह हॅरिस. आयर्न मेडनचा संस्थापक, पूर्व लंडनमधल्या लेटनस्टोनचा, हाही बेस गिटारवाला. (मेटलमध्ये मागे उभं राहून जाड तारा छेडणारी माणसं शब्द लिहितात हा योगायोग मला फार आवडतो.) बँडच्या आधी तो नकाशे-आराखडे काढायचं काम करत असे. त्याच्या गाण्यांतही एक आराखडा असतो: जागा ठरलेली, काळ ठरलेला, आणि श्रोत्याला कुठे उभं करायचं तेही ठरलेलं.

१९८३ चं 'द ट्रूपर' घ्या. विषय बालाक्लावा, २५ ऑक्टोबर १८५४, लाइट ब्रिगेडचा हल्ला. ज्यांना हा प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सेनापती रॅग्लन टेकडीवर होता, तिथून त्याला रशियन लोक पकडलेल्या तोफा पळवताना दिसत होते. खाली दरीत घोडदळाच्या लूकनला त्या दिसतच नव्हत्या. हुकूम मोघम लिहिलेला. कुठल्या तोफा, असं विचारल्यावर तो घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने हात हलवून कुठेतरी दाखवलं. परिणाम असा की सुमारे ६७० घोडेस्वार भलत्याच तोफांवर, सरळ दरीच्या तोंडाशी धावून गेले. एकशे दहाच्या आसपास मेले, जखमी आणि पकडलेले वेगळे. टाइम्समधली बातमी वाचून टेनिसनने काही आठवड्यांतच ती सुप्रसिद्ध कविता लिहिली.

टेनिसन राजकवी. तो लांबून, आदराने पाहतो. 'ते' सहाशे जण. तरीसुद्धा कोणाची तरी चूक झाली होती हे तो एका ओळीत नोंदवतो. हॅरिसने जवळजवळ १३० वर्षांनी तोच प्रसंग घेतला आणि दोन बदल केले. 'ते'चा 'मी' केला, म्हणजे आपल्याला खोगिरावर बसवलं. गिटार आणि बेसचा ठेकाही टापांचा. एक लांब, दोन आखूड, असा तो धावतच राहतो. दुसरा बदल बोलण्यात कमी येतो: चूक गाळली. गाण्यात रॅग्लन नाही, लूकन नाही, हुकूम नाही. बिगुल वाजतो आणि हल्ला सुरू होतो, जणू पाऊस सुरू व्हावा तसा. समोरच्या रशियनाबद्दल द्वेषही नाही. शेवटी घोडेस्वार एकटा मरतो, कोणी रडत नाही. तीन-चार मिनिटांत आपण जगतो, धावतो, मरतो. का, हे विचारायला फुरसत मिळत नाही. चर्चिलला मी का ओरडून साथ दिली याचं उत्तर इथे आहे. 'एसेस हाय' मध्ये मी विमानात बसलेली होते. विमानात बसलेल्या माणसाला साम्राज्य दिसत नाही, पुढचं विमान दिसतं.

याला मी दोष म्हणत नाही. रणांगणावरच्या साध्या शिपायाला रॅग्लनची टेकडी खरंच दिसत नव्हती. त्या अर्थाने हॅरिस टेनिसनपेक्षा प्रामाणिक आहे. पण माझं काम १८५७ च्या आसपासच्या लष्करी पत्रव्यवहारावर आहे, आणि त्या कागदांत एक नाव पुन्हापुन्हा भेटतं: एट्थ हुसार्स, म्हणजे आठवं हुसार घोडदळ. बालाक्लावाच्या हल्ल्यात ज्या पाच रेजिमेंट होत्या त्यातली ही एक. क्रिमियातून परतल्यावर ती हिंदुस्थानात आली. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय इथे तिने हल्ला चढवला, आणि त्या लढाईत झाशीची राणी पडली. त्या हल्ल्याबद्दल रेजिमेंटमधल्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बालाक्लावाची दुसरी रेजिमेंट, सेव्हन्टीन्थ लान्सर्स, पुढे तात्या टोपेंच्या पाठलागावर होती.

पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी वाचनालयात बसून कानात 'द ट्रूपर'च ऐकत होते. बंद केलं, असं लिहिलं तर छान दिसेल. केलं नाही. गाणं संपेपर्यंत ऐकलं, आणि मग चहा प्यायला गेले.

ग्वाल्हेरकडचा ट्रूपर कसा दिसत होता हे आपल्याकडे मराठीत लिहिलेलं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांच्या 'माझा प्रवास' मध्ये लढाई आहे, पण बोलणारा माणूस ना घोड्यावर आहे ना टेकडीवर. तो लपलेला आहे, तहानलेला आहे, आणि कनवटीचे पैसे वाचतील का या चिंतेत आहे. मेटलला ही जागा फारशी मानवत नाही. लपलेल्या माणसाला टापांचा ठेका देता येत नाही.

हॅरिसला दोन्ही बाजू दिसत नाहीत असंही नाही. १९८२ च्या 'रन टू द हिल्स' मध्ये पहिलं कडवं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या तोंडी आहे, दुसरं त्यांच्या मागे लागलेल्या घोडेस्वाराच्या, आणि तिसऱ्यात बोलणारा लांब गेलेला आहे. कल्पना धाडसी. फक्त ठेका दोघांना एकच, आणि ध्रुवपदही एकच. डोंगराकडे पळा हे पळणारा म्हणतोय की पाठलाग करणारा मजेत ओरडतोय, ते कळत नाही. मैफलीत सगळे दोन्ही कडवी सारख्याच जोशात म्हणतात. मला हे गाणं 'ट्रूपर'पेक्षा जास्त अस्वस्थ करतं, आणि हॅरिसला ते अभिप्रेत होतं की ठेक्याने त्याच्यावर मात केली, यावर आमच्या रेकॉर्डिंगमध्ये वीस मिनिटं भांडण झालं. ते भांडण कापलं गेलं.

मेडनमध्येच ब्रूस डिकिन्सन आहे, इतिहासाचा पदवीधर. एड्रियन स्मिथबरोबर त्याने १९८४ मध्ये 'टू मिनिट्स टू मिडनाइट' लिहिलं. शस्त्रांच्या व्यापारावरचं हे गाणं हॅरिसपेक्षा बटलरच्या घराण्यातलं. शीर्षक अणुशास्त्रज्ञांच्या प्रतीकात्मक घड्याळावरून. गंमत म्हणजे १९८४ मध्ये ते घड्याळ बाराला तीन मिनिटं कमी दाखवत होतं, दोन नव्हे. दोन मिनिटं १९५३ ची. यमकापुढे शास्त्रज्ञांचं काय चालणार.

अटलांटिकच्या पलीकडे जेफ हॅनेमन. कॅलिफोर्नियाच्या स्लेयरचा गिटारवादक, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या बापाचा मुलगा. १९८६ च्या 'एंजल ऑफ डेथ' मध्ये त्याने ऑशविट्झचा डॉक्टर मेंगेले याच्या कृत्यांची यादी दिली. यादीच. काय केलं, कोणावर, कसं. कोलंबियाने अल्बम वितरित करायला नकार दिला, तो गेफेनकडून बाहेर आला, आणि नाझीवादाचा आरोप बँडला कायमचा चिकटला. हॅनेमनचं म्हणणं असं की मेंगेले वाईट होता हे वेगळं सांगायची गरजच काय. शब्द नीट पाहिले तर विशेषणं निषेधाचीच आहेत, कसाई वगैरे. पण बोलणारा माणूस कुठे उभा आहे ते सापडत नाही, आणि वेग इतका की श्रोत्याला हळहळायला जागा राहत नाही. मला या शैलीचं कौतुक वाटत नाही. ती ओळखीची मात्र आहे. फाशीच्या याद्या, जप्तीच्या याद्या, गावं जाळल्याचे अहवाल: १८५८ चे कितीतरी कागद असेच बोलतात, फक्त त्यांच्यात विशेषणंही नसतात.

राहिला लेमी. इयन किल्मिस्टर, मोटरहेडचा गायक, आणि हो, पुन्हा बेस गिटारवालाच. जन्म १९४५ चा, वडील हवाई दलात पाद्री. लेमी तीन महिन्यांचा असताना ते घर सोडून गेले. दारू, जुगार, जर्मन लष्करी वस्तूंचा संग्रह हे सगळं त्याच्याबद्दल आधीच भरपूर लिहिलं गेलंय. (तो संग्रह पाहून लोकांनी जे निष्कर्ष काढले ते त्याच्या शब्दांशी जुळत नाहीत.) गीतकार म्हणून त्याच्याकडे लक्ष कमी गेलं. माझ्या मते या सगळ्यांत तो सर्वात सरस.

दोन गाणी शेजारी ठेवून ऐका. पहिलं १९८६ चं 'ऑर्गॅस्मॅट्रॉन'. शीर्षकावर जाऊ नका. यातही 'मी' आहे, पण हा 'मी' सत्ता स्वतः आहे. पहिल्या कडव्यात धर्म बोलतो, दुसऱ्यात राजकारण, तिसऱ्यात युद्ध. बटलरने ज्यांच्याकडे बाहेरून बोट दाखवलं त्यांच्याच तोंडात लेमीने शब्द घातले, आणि ते किती तृप्त आहेत ते ऐकवलं. आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, संथ, घोगरा. आपल्याला कोणी शिव्या देत नाही, कोणी समजावत नाही. सत्ता नुसती आपली ओळख करून देते.

दुसरं, पाच वर्षांनी, '१९१६'. गिटारचा गडगडाट नाही. कीबोर्ड, चेलो, मंद लय, आणि लेमी त्या फाटक्या आवाजात जपून गातोय. बोलणारा सोळा वर्षांचा मुलगा. वय खोटं सांगून सैन्यात गेलेला. त्या वेळी भरतीचं वय अठरा, परदेशी लढायला पाठवायचं एकोणीस, आणि तरी अशी मुलं शेकड्यांनी नाही, हजारोंनी गेली. १ जुलै १९१६, सोमच्या लढाईचा पहिला दिवस: ब्रिटिश बाजूचे ५७,४७० हताहत, त्यातले १९,२४० ठार. गाण्यात हे आकडे नाहीत. शेजारी मरणारा मित्र आहे, आईला मारलेली हाक आहे. हॅरिसचा घोडेस्वारही मरतो आणि हा मुलगाही मरतो, दोघेही 'मी' म्हणतात; पण घोडेस्वार मरेपर्यंत धावत असतो, म्हणून आपण त्याच्याबरोबर धावतो. हा मुलगा मेल्यानंतर बोलतोय, सगळं संपल्यावर, आणि त्याला ठेका दिलेला नाही. आपल्याला बसून ऐकावं लागतं. शेवटी त्याची तक्रार एवढीच उरते की आमची नावं कोणाला आठवत नाहीत.

काका, एवढं एक ऐका. शब्द स्पष्ट ऐकू येतात.

१९१६ म्हटलं की इंग्लंडमध्ये सोम. मराठीत खरं तर दुसरं नाव यायला हवं: कुत-अल-अमारा. सिक्स्थ पूना डिव्हिजन, पुण्याच्या नावाचीच, तिच्यात मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात तैग्रिसच्या काठी ती पाच महिने वेढ्यात अडकली. उपासमार झाली, घोडे मारून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली, आणि त्यातली कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत मेली.

सातारा जिल्ह्यात आणि कोकणात काही गावांत देवळाजवळ किंवा चावडीपाशी भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्या दिसतात. युद्धानंतर सरकारने लावलेल्या. या गावातून महायुद्धाला इतके पुरुष गेले, १९१४ ते १९१९, त्यातले इतके मेले, एवढाच मजकूर. आईच्या माहेरी जाताना वाटेत अशी एक पाटी लागते. लहानपणी आम्ही तिच्यावर पाठ टेकून एसटीची वाट बघायचो. तिच्यावर दोन आकडे आहेत. नाव एकाचंही नाही.